टेपचं दुसरं टोक

१

आमच्या ऑफिसात दर वर्षी एका माणसाला शहाणं करून आणायची पद्धत आहे. त्यासाठी त्याला परदेशी पाठवतात. तीन आठवडे, तिकीट, राहणं, खाणं, सगळं ऑफिसकडून. पत्रकात याला 'प्रवासवृत्ती' म्हणतात, बोलताना फेलोशिप. कल्पना अशी की तरुण आर्किटेक्टनं जग बघावं, जुन्या इमारतींपुढं उभं राहून भारावून जावं, आणि तो भार नाशिकला आणून इथल्या बंगल्यांवर उतरवावा.

मी नरहरी गायधनी. कॉलेज रोडवरच्या या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं नकाशे तपासतो. डिझाइन करत नाही. डिझाइनवाले जे काढतात त्यात जिन्यात डोकं आपटेल का, न्हाणीचं पाणी दिवाणखान्यात येईल का, दार उघडल्यावर कपाटाला अडेल का, हे बघणं माझं काम. लाल पेन माझ्याकडे असतं. त्यामुळे मी कुणाला फारसा आवडत नाही, आणि मलाही कुणी फारसं आवडत नाही. हिशेब सरळ आहे.

फेलोशिप राज मोगल यांनी काढली. ऑफिस त्यांच्या वडिलांचं, मला ठेवलंही वडिलांनीच. राजला मी तोंडावर राजसर म्हणतो आणि मनात अरेतुरे करतो. त्यांना दहावीला भूमितीत किती मार्क पडले होते ते मला माहीत आहे.

परत आलेल्यांचे नमुने सांगतो. सार्थक जपानहून 'रिकामेपण' घेऊन आला. सिन्नरच्या एका कारखानदाराच्या दिवाणखान्यात त्यानं इतकं रिकामेपण ठेवलं, की टीव्ही कुठं लावायचा हे त्या बिचाऱ्याला वर्षभर समजलं नाही. वेदिका पोर्तुगालहून आली आणि ओट्याखालच्या ड्रॉवरला 'संवाद' म्हणायला लागली. संवादाला तिनं मूठ ठेवली नव्हती; तो उघडायला सुरी घालावी लागायची. आणि या सगळ्यावर दर वर्षी भाषण, टाळ्या, समोसे.

माझी एकच अट होती, आणि ती राजनं मान्य केली कारण ती ऐकायला बरी वाटत होती. जाईल त्यानं तिथली कुठलीही एक खोली स्वतः मोजायची आणि तिचा नकाशा काढून आणायचा. मोबाइल नाही, लेझर नाही. पंधरा मीटरची फायबरची टेप, जिच्या टोकाला पितळी कडी असते ती, वही आणि पेन्सिल. तीन आठवड्यांत निदान एक दिवस हे लोक गुडघ्यावर बसून काहीतरी करतील, एवढीच अपेक्षा. आलेल्या शीटा मी रबर लावून लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात टाकत असे. एकही उघडून पाहिली नव्हती. त्यात बघण्यासारखं काय असणार?

२

यंदा हर्षाली आहेर गेली. चांदवडची मुलगी, घरी कांद्याची शेती, वय सत्तावीस. कमी बोलायची, नकाशे स्वच्छ काढायची. तिला मी फार नावं ठेवत नसे, म्हणजे माझ्या मानानं ते कौतुकच. पण तीही आर्मेनियाला जाऊन आली आणि पाच महिन्यांनी, वार्षिक भाषणाच्या शनिवारी चार वाजता पडद्यासमोर उभी राहून दगडाच्या स्मृतीविषयी बोलू लागली. दगडाला स्मृती असते म्हणे. आमच्याकडच्या ठेकेदारांना नसते एवढं मला ठाऊक आहे.

मध्येच वीज गेली. प्रोजेक्टर बंद पडला. वेळ भरून काढायला राज म्हणाले, "गायधनी सर, तुमच्या खोलीचं काय झालं, विचारा ना."

हर्षालीनं शीट टेबलावर पसरली. मी चष्मा लावला. दगडी खोली, एक पायरी खाली उतरून जायची. अकरा फूट तीन इंच बाय आठ फूट सात इंच. एकच खिडकी, तीही पावणेपाच फुटांवर, म्हणजे बसलेल्या माणसाला बाहेरचं काही दिसू नये इतक्या उंचीवर. कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा काढून त्यांवर आकडे लिहिले होते. चौदा फूट अर्धा इंच, आणि चौदा फूट तीन इंच.

या तिरक्या मापांना आम्ही कर्ण म्हणतो. खोली काटकोनात आहे की मुरडलेली, हे त्यावरून कळतं. दोन्ही कर्ण सारखे आले तर खोली सरळ. भिंतीची लांबी एकटा माणूस कशीबशी घेतो. कर्ण एकट्याला जमत नाही. टेप अधांतरी असते. समोरच्या कोपऱ्यात कुणीतरी बसून कडी दाबून धरावी लागते. आणि हर्षाली एकटीनं गेली होती.

"टोक कुणी धरलं?" मी विचारलं.

"एक बाई होती तिथं, सर."

"कोण बाई?"

तिनं जरा आठवून पाहिलं. "विचारलं नाही. मी टेप काढली, तिनं टोक धरलं."

सगळे हसले. राज म्हणाले की हेच तर खरं, भाषेच्या पलीकडचं. दोन-तीन पोरींनी ते लिहूनही घेतलं. मग वीज आली.

सोमवारी सकाळी शीट कपाटात टाकायला खाली वाकलो. कप्प्यातल्या एका जुन्या शीटचं रबर उन्हाळ्यानं विरघळून तुटलं होतं आणि ती अर्धी उलगडून पडली होती. वेदिकाची पोर्तुगालची. गुंडाळायला हातात घेतली, आणि तिरक्या रेघेवरचा आकडा दिसला. चौदा फूट तीन इंच.

मी सगळ्या शीटा काढल्या. हर्षालीची धरून सहा. टेबलावर एकीशेजारी एक लावल्या. जपानची भिंत लाकडी, पोर्तुगालची चुन्याची, तुर्कस्तानची मातीची. खोली एकच. अकरा-तीन बाय आठ-सात, एक पायरी खाली, खिडकी पावणेपाच फुटांवर, आणि ती मुरडही तीच. सहा देशांत, सहा वर्षांत.

मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला. कारण याचा अर्थ एकच होता. ही माणसं तिथं जाऊन भजी खात होती, आणि पहिल्याची शीट भिंतीचा पोत बदलून पुढचा उतरवत होता.

३

राजच्या केबिनमध्ये सहाही शीटा नेऊन ठेवल्या. बाकीचे ऑफिस सोडून गेले होते, सार्थक रजेवर होता. हाताशी सापडली ती हर्षाली. तिला बोलावलं. मी जे बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. मी चांगलं बोलतो, विशेषतः वाईट बोलायचं असतं तेव्हा.

ती शीटांकडे बघत उभी राहिली. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. एका शीटवरून दुसऱ्या शीटवर बोट नेत होती. तिचा चेहरा उतरला तो माझ्या बोलण्यानं नाही, हे मला तेव्हा कळलं नाही.

"सर, आधीची एकही शीट मी पाहिलेली नाही," ती म्हणाली. "कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असते."

ते खरं होतं. पण मोबाइलवर फोटो काढायला किल्ली लागत नाही, असं मी म्हणालो. राज नखं बघत होते. त्यांना चोरीचं दुःख नव्हतं. फेलोशिपचं नाव खराब होईल याची धास्ती होती. शेवटी त्यांनी हर्षालीला 'काही दिवस विश्रांती' घ्यायला सांगितली आणि गंगापूर रोडच्या पुढं तिच्या डिझाइनचा बंगला चालू होता त्यावरून तिचं नाव काढायचं ठरलं. आर्मेनियाहून आल्या आल्या तिनं तो नव्यानं काढला होता. जुना नकाशा रद्द करून विटांचं काम याच नकाशावर उठलं होतं.

"नकाशा माझा आहे, सर," ती एवढंच म्हणाली. तिनं टेबलावरची स्केल, पेनं, एक पाण्याची बाटली कापडी पिशवीत भरली आणि चांदवडची एसटी धरली. त्या रात्री मला जेवण गोड लागलं.

४

पण मला मूळ पाहिजे होतं. पहिली शीट अमोलची होती, तुर्कस्तानची. हा अमोल परत आल्यावर दोन वर्षांत आर्किटेक्चर सोडून घोटीला गेला आणि वडिलांची भाताची गिरणी बघू लागला. इतक्या शिक्षणानंतर गिरणी! मी रविवारी सकाळी गेलो. तो कोंड्यानं पांढरा झालेला, भुवयांसकट. मला बघून उठला, वाकून नमस्कार केला, खुर्ची पुसून दिली.

मी सरळ सांगितलं की मूळ शीट तुझी आहे, ती कुणाकुणाला दिलीस ते सांग, म्हणजे मी निघतो. तो म्हणाला, कुणालाच नाही. मी बाकीच्यांचे आकडे सांगायला लागलो, तर पुढचा आकडा माझ्या आधी त्यानं सांगितला. दोन्ही कर्ण, अर्ध्या इंचासकट.

"तुझंही टोक एका बाईनंच धरलं असेल," मी म्हणालो.

"हो."

"दिसायला कशी होती?"

"टेप धरणाऱ्याचा चेहरा कोण बघतं, सर? आपण आकडा बघतो."

गिरणी बंद करून तो माझ्यासमोर पोत्यावर बसला. परत आल्यानंतरचं त्यानं सांगितलं, अगदी शांतपणे. कुठलाही नकाशा काढायला घेतला की सगळ्या खोल्या नीट बसायच्या आणि मधे एक जागा उरायची. ती मोडायला भिंती सरकवल्या तर ती दुसऱ्या बाजूला उरायची. रात्ररात्र खोडून काढायचा. शेवटी तिथं 'स्टोअर' लिहून मोकळा व्हायचा.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," तो म्हणाला.

"मी कशाला विचारू?"

"तुमची सही आहे सगळ्यांवर."

मी उठलो. नकाशा बसवता येत नाही म्हणून धंदा सोडणारी माणसं मी खूप पाहिली आहेत; त्याला इतकी सुरस कथा जोडणारा हा पहिला, असं काहीतरी त्याला बोललो. तो हसला नाही, रागावलाही नाही. निघताना त्यानं पाच किलो इंद्रायणी तांदूळ माझ्या गाडीत ठेवला. तो मी अजून उघडलेला नाही.

सोमवारी जुने नकाशे काढले. अमोलचे चार, सार्थकचे तीन, वेदिकाचे दोन. सगळ्यांत एक स्टोअर. अकरा-तीन बाय आठ-सात. खाली माझी सही, लाल शाईत, एकाही ठिकाणी शंकेची खूण नाही.

मी स्वतःला समजावलं. आजकाल नकाशे हातानं काढत नाहीत. कॉम्प्युटरवर एकाची खोली उचलायची, दुसऱ्याच्या नकाशात चिकटवायची. सगळं ऑफिस तेच करतं. त्यात आश्चर्य काय? आणि हे एकदाचं मिटवायला सोपा उपाय होता. हर्षालीच्या नकाशातही ते स्टोअर होतंच, आणि तो बंगला बांधून उभा होता. नकाशावर खोली काटकोनात आहे. गवंडी चुकला तरी प्रत्येक जण आपापल्या परीनं चुकतो. तिथं जाऊन कर्ण घ्यायचे. ते सारखे आले, किंवा दुसरेच काही आले, की प्रकरण संपलं.

५

बुधवारी दुपारी साइटवर पोचलो. गंगापूर रोड संपल्यावर द्राक्षबागा लागतात, त्यांच्या कडेला हा बंगला. स्लॅब झालेला, भिंती विटांच्या, गिलावा व्हायचा होता. गोटीराम मुकादम बाहेर आला. साठीचा माणूस, मोजकं बोलणारा, त्याला मी मान देतो, कारण तो कधी परदेशी गेला नाही.

स्टोअर कुठंय विचारलं तर त्यानं मागच्या बाजूला हात केला. "ती खोली लय चटकन झाली, साहेब," तो म्हणाला. "दोरी धराया मानूस लागला नाय."

वीट रचताना थर सरळ यावा म्हणून दोरी ताणतात, दोन टोकांना दोन माणसं किंवा दोन खिळे लागतात. खिळे मारले असतील असं मला वाटलं. मी काही विचारलं नाही. जेवायची वेळ झाली होती, माणसं डबे घेऊन बागेच्या सावलीकडे निघाली होती. गोटीराम म्हणाला, थांबतो, टोक धरतो. मी त्याला जेवायला पाठवलं. या कामाला बाई लागली नाही हे मला दाखवायचं होतं. कुणाला, ते माहीत नाही.

एक पायरी खाली उतरलो. नकाशात ती पायरी नव्हती. जमीन उताराची असेल.

खोलीत भरपूर उजेड होता. हे मुद्दाम सांगतो. खिडकीतून दुपारचं ऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं, विटांवरचा सिमेंटचा शिंतोडाही दिसत होता. कोपरे रिकामे, जमिनीवर थोडी वाळू. माझ्या खिशात हर्षालीच्या शीटची झेरॉक्स होती. भिंतीत खिळा ठोकला, कडी अडकवली, लांबी घेतली. अकरा-तीन. रुंदी आठ-सात. नकाशाप्रमाणेच, त्यात काही नाही.

मग कर्ण. खिळा कोपऱ्यात बसेना. कडी विटेखाली दाबली, मागे मागे येत दुसऱ्या कोपऱ्यात पोचलो, टेप ताणली, कडी सुटली. परत गेलो, दोन विटा ठेवल्या. परत सुटली. घाम आला. तिसऱ्या वेळी कडी नुसती कोपऱ्यात टेकवली आणि चडफडत माझ्या जागेवर आलो. टेप ताणली. या वेळी धरली गेली.

मी आकडा वाचला. सवयीनं मोठ्यानं वाचला, कारण लिहिताना आकडा म्हणायचा असतो. "चौदा फूट अर्धा इंच." वहीत लिहिला.

रीळ हातात घेऊन मी माझ्या भिंतीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकलो. आता समोर जाऊन कडी पलीकडच्या कोपऱ्यात हलवायची होती. पण टेप सैल पडली नाही. माझ्याबरोबर तीही सरकली, वाळूवर कडेकडेनं, आणि पुन्हा ताणली गेली. कोपऱ्यातून कोपऱ्यात. मी आकडा वाचला. "चौदा फूट तीन इंच."

लिहिला. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी समोर गेलोच नव्हतो.

टेपवरून नजर हळूहळू पुढं नेली. दहा फूट, सात फूट, चार, दोन. टोकाशी कडी होती, आणि कडीवर अंगठा. बाईचा, कष्ट केलेला, नखाच्या कडेला चुना लागलेला. पहिलं बोट भिंतीला टेकवलेलं, नख दाबानं पांढरं झालेलं, शून्य नेमका सांध्यात बसवलेला. इतकं नीट टोक धरलेलं मी सबंध नोकरीत पाहिलं नाही. मनगटापर्यंत हात दिसत होता. मनगटाच्या पुढं विटा होत्या.

बोटांनी पकड जराशी बदलली. ते मला टेपमधून हाताला कळलं.

मी रीळ सोडलं आणि पायरीवर अडखळत बाहेर आलो.

६

गोटीराम भाकरी सोडून उठून आला होता. त्यानं मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मग विचारलं, "साहेब, कोनाला आकडे सांगत व्हता?"

"लिहीत होतो," मी म्हणालो. "लिहिताना बोलायची सवय आहे."

"आस्सं," तो म्हणाला. "मला वाटलं कोनी संगं हाय. हुंकारा आल्यावानी वाटला."

मी गाडी काढली. दोन वळणं गेलो आणि एका बागेच्या कडेला थांबलो. बरं वाटत नसलेला माणूस डॉक्टरला फोन करतो. मी हर्षालीला केला.

तिनं "सर" म्हटलं. मागं बायका कांदा निवडताना बोलत होत्या ते ऐकू येत होतं. मी सांगितलं की मी ती खोली मोजली. कुठली, असं तिनं विचारलं नाही. कर्ण घेतले का, विचारलं. दोन्ही, मी म्हणालो. मग मी तिची माफी मागितली. मला ते नीट जमलं नाही; कधी केलेलं नव्हतं. तिनं ते ऐकून घेतलं, पण तिचं लक्ष दुसरीकडे असावं.

"सर, शेवटी झालं म्हणालात का?"

"काय?"

"आकडा लिहून झाला की आपण झालं म्हणतो. मग समोरचा टोक सोडतो. मी म्हणाले होते. हात जोडून आभारही मानले होते."

"मी टेप टाकून आलो," मी म्हणालो.

बायकांचं बोलणं लांब गेलं. ती उठून बाजूला गेली असावी.

"मग तिनं अजून धरलं असेल, सर," ती म्हणाली.

७

पुढचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्या दिवशी मी राजला लिहून दिलं की शीटा अस्सल आहेत आणि चूक माझी आहे. कारण दिलं नाही. त्यांनी मागितलंही नाही. फेलोशिप शाबूत राहिली एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. बंगल्यावर हर्षालीचं नाव परत लागलं. तिला मात्र कितीही बोलावलं तरी ती आली नाही. चांदवडच्या बाजूला ती आता शेतकऱ्यांना कांदा साठवायच्या चाळी काढून देते. लांबलचक, दोन्ही बाजूंनी पट्ट्यांच्या, आरपार दिसणाऱ्या. आत काही उरत नाही, असं ती फोनवर म्हणाली.

बंगल्यात लोक राहायला आले. त्या खोलीत ते बॅगा आणि शिडी ठेवतात. पुढच्या फेलोशिपसाठी आरोही नावाच्या मुलीची निवड झाली आहे, व्हिएतनामला चालली आहे. खोली मोजायची अट काढून टाका असं मी राजला सुचवलं, तर ते म्हणाले, उलट तोच फेलोशिपचा आत्मा आहे. मला वाद घालता आला असता. घातला नाही. गेल्या आठवड्यात मी तिला टेप दिली. दुसऱ्याच्या भित्रेपणावर मी आयुष्यभर इतकं बोललो आहे की स्वतःच्या भित्रेपणाला मी लगेच ओळखलं.

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नव्हती. त्या दुपारी मी परत गेलो होतो.

माणसं अजून बागेतच होती. गोटीराम झोपला होता, तोंडावर टॉवेल टाकून. मी मागच्या बाजूनं गेलो, पायरी उतरलो. ऊन भिंतीवरून थोडं खाली सरकलं होतं. टेप तशीच होती, कोपऱ्यातून कोपऱ्यात, ताठ. माझ्या बाजूला रीळ जमिनीवर होतं. टाकलं तेव्हा उपडं पडलं होतं. आता उताणं होतं आणि त्याची मूठ दाराकडे, माझ्याकडे वळवलेली होती.

मी समोरच्या कोपऱ्याकडे बघितलं नाही. भिंतीला धरून रिळापाशी गेलो, गुडघ्यावर बसलो, मूठ हातात घेतली. टेपमध्ये बारीक थरथर होती, खूप वेळ हात अवघडल्यावर येते तशी.

"झालं," मी म्हणालो.

टेप सुटली नाही.

कोपऱ्यातून जिभेचा आवाज आला. च्. तो आवाज मला चांगला ओळखीचा आहे. समोरच्यानं ढोबळ चूक केली आणि ती त्याला दिसतही नाही, अशा वेळी मी तो काढतो. मग बाईचा आवाज आला, थकलेला, कंटाळलेला, राग नाही असा.

"परत वाच."

मी खाली वाकलो, डोळा टेपजवळ नेला. "चौदा फूट," म्हणालो आणि थांबलो. तीन इंच नव्हते. एक सूत कमी होतं, इंचाचा आठवा भाग. मघाशी मी टेप वाचलीच नव्हती. हर्षालीच्या शीटवरचा आकडा डोक्यात होता, तोच म्हणून मोकळा झालो होतो.

मी खरा आकडा सांगितला. वहीत आधीचा खोडून तो लिहिला. आणि झालं म्हणायच्या आधी, माझ्या टेबलापुढं पोरं नकाशे घेऊन उभी राहतात तसा, मान खाली घालून, ती काय म्हणते याची वाट बघत राहिलो.